दवाखान्याच्या खिडकीतून
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. शंभर जणींचा चिवडा करायला सांगा, तो मी करीन. पण चिटणीसबाई ऐकेनात. "तुम्ही दवाखान्यात बसता, त्याविषयी चार शब्द सांगा," म्हणाल्या. म्हणून हे लिहून आणले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. 2021 च्या एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा आपल्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे बाहेर बसणारी मुलगी आजारी पडली. पंधरा दिवसांपुरते कोणी हवे होते. अक्षर बरे म्हणून मी गेले. नावे लिहायची, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा, आणि आकडा 94 च्या खाली दिसला की रांग मोडून माणसाला आत न्यायचे. पुढे त्या मुलीचे लग्न होऊन ती गेली आणि मी सकाळी दहा ते एक तिथेच राहिले. स्वयंपाक आटोपूनच जाते, हे आमच्या सासूबाईंसाठी सांगितले. त्या पुढेच बसल्या आहेत.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. एका खोकणाऱ्या आजोबांच्या कागदावर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत 'बीडी' लिहिलेले. मनात म्हटले, ह्यांची छाती भरलेली आणि डॉक्टरबाई बिडी ओढायला सांगतात! मग कळले, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आता मी पुडीवर मराठीतच 'सकाळी, रात्री' असे लिहून देते.

पण खिडकीवरचे खरे काम नाव लिहिण्याचे. वाटते सोपे, तसे ते नाही. आपण बायका आपले नाव सांगतच नाही. "बंड्याची आई," "वाण्याकडची मधली सून," असे सांगतो. वय विचारावे तर "लिही तूच काहीतरी!" एका आजींना यजमानांचे नाव विचारले. एरवी नातू सांगायचा, तो त्या दिवशी नव्हता. तेव्हा त्यांनी खिडकीत उभ्या उभ्या उखाणा घेतला! रांगेतल्या पुरुषांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्यात लग्नात नाव बदललेले असते. आधारकार्डावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. मोठ्या इस्पितळात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करताना हेच आडवे येते, आणि तेही नेमके माणूस खाटेवर असताना. ज्यांचे असे असेल त्यांनी आधीच दुरुस्त करून घ्यावे.

नावावरूनच माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगायची की नाही ह्याचा मी आठ दिवस विचार केला. आपल्या भागात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोघीजणी आहेत. एक चौतीस वर्षांची, दुसरी एकसष्टची. 2022 साली दिवाळीच्या तोंडावर दोघींनी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासली. एकीची 92 आली, दुसरीची 248. गर्दीत मी कागदांची अदलाबदल करून बसले. धाकटीने घरी कागद वाचून भात सोडला आणि दोन रात्री रडून काढल्या. थोरलीने, आपल्याला काही नाही म्हणून, करंज्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी धाकटी आत गेली, तेव्हा डॉक्टरबाईंचे लक्ष कागदावरच्या वयाकडे गेले. त्या मला रागावल्या नाहीत. "दोघींच्या घरी तुम्हीच जा," एवढेच म्हणाल्या.

धाकटी मला बोलली, आणि ते रास्तच होते. थोरल्या बाईंनी मला पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे मला आहे तर." ते चार शब्द मला अजून ऐकू येतात.

तेव्हापासून "तुम्ही अमक्याच ना?" असे मी कधी विचारीत नाही. घाईत कोणीही "हो" म्हणतो. पूर्ण नाव, वय आणि फोनचे शेवटचे चार आकडे त्यांच्याच तोंडून ऐकते, मगच कागद हातात देते. काहींना राग येतो. "रोज बघतेस, तरी नाव विचारतेस!" म्हणतात. विचारते. आणि एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठत असतील तर तेही वर लाल शाईने लिहिते, म्हणून ते न विसरता सांगत जा.

आता जरा नाजूक गोष्ट. खिडकीत बसले की गल्लीतले सगळे कळते. कोणाचे दिवस राहिले, कोणाचे राहिले नाहीत, कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत. माझ्या एका मैत्रिणीने नळावर मला विचारले, "ती का ग सारखी येते?" मी म्हटले, ते मला सांगता येणार नाही. तिला वाटले, मी शेफारले. पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. क्षयरोगाचा रोगी आढळला तर खासगी डॉक्टरांनीही सरकारला कळवायचे, असा 2012 पासून नियम आहे. सरकारला कळवायचे, शेजारणीला नव्हे! ती मैत्रीण पुढे स्वतःच एका दुखण्यासाठी आली. मान खाली घालून कागद घेतला आणि जाताना हळूच म्हणाली, "कोणाला बोलू नकोस हं." मी म्हटले, "पाच महिने काय केले मी?" मग दोघी हसलो.

अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत आहेत, तेव्हा एकच कामाचे सांगते. डॉक्टरांनी रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवायचे आणि मागितल्यास बहात्तर तासांच्या आत द्यायचे, असा 2002 सालचा नियम आहे. मागायला लाजू नका. घरी प्रत्येकाची वेगळी पिशवी करा आणि येताना ती घेऊन या. "मागच्या वेळची ती पांढरी गोळी" म्हणून मला काही समजत नाही. आमच्या कपाटात निम्म्याहून अधिक गोळ्या पांढऱ्याच आहेत.