पडदा, चर्चा आणि मालकी



चित्रपटाने तरुण बिघडतात, दूरचित्रवाणीने घरे बिघडतात, अशी तक्रार सभासंमेलनांतून वारंवार ऐकू येते. पुरोगामी कार्यकर्ता ती करतो आणि परंपरेचा अभिमानी गृहस्थही करतो. दोन विरुद्ध बाजूंचे लोक एकच तक्रार करू लागले की ती तपासून घेणे अगत्याचे ठरते. या प्रश्नाचा विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून जवळजवळ शंभर वर्षे अभ्यास होत आला आहे. त्या अभ्यासातून काय हाती आले आणि त्याचा उपयोग कोणी करून घेतला, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आरंभ भीतीने झाला. १९२९ ते १९३२ या काळात अमेरिकेत पेन फंडाच्या साहाय्याने चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम तपासण्यात आला. वृत्तपत्रांनी त्यातला भयसूचक भाग तेवढा उचलला. परिणाम मुलाच्या वयावर, घरावर आणि वस्तीवर अवलंबून असतो, हे सावध संशोधकांचे म्हणणे मागे पडले. पुढे १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एका परगण्यातील मतदारांचा महिनोगणती मागोवा घेतला. रेडिओ आणि वृत्तपत्रे यांनी थेट फिरवलेली मते थोडीच निघाली. ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाशी झालेले बोलणे अधिक प्रभावी ठरत होते.

या विचाराची कसोटी पुढे महाराष्ट्राच्या मातीत लागली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेती, आरोग्य, शिक्षण या विषयांवरचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि काय करायचे ते ठरवावे, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले. ते काम लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेतील समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्याकडे होते. श्रोतृमंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ झाली नाही. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो चर्चेने.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत एवढाच मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सामुदायिक संच बसवले गेले. विक्रम साराभाई यांनी या ‘साइट’ प्रयोगाचे स्वप्न पाहिले होते. त्यांच्या निधनानंतर तो तडीस नेणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस अग्रभागी होते. महाराष्ट्राची गावे त्यात नव्हती. बिहार, ओडिशा, राजस्थान, मध्यप्रदेश, आंध्र आणि कर्नाटक येथील मागास जिल्हे निवडले होते. संशोधक काही गावांत मुक्काम ठोकून राहिले. आरोग्यासारख्या विषयांत ज्ञान वाढले, आणि स्त्रिया व निरक्षर यांचा लाभ लक्षणीय होता, असे त्यांना आढळले. शेतीच्या नव्या पद्धती मात्र त्या मानाने उचलल्या गेल्या नाहीत. ज्याच्यापाशी पाणी नाही, पैसा नाही, त्याला सुधारित शेतीचे चित्र दाखवून त्याची शेती सुधारत नाही. जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रश्नाला पडदा हा पर्याय होऊ शकत नाही, ही गोष्ट समाजवादी विचाराला नवी नव्हे. पण येथे ती प्रत्यक्ष पाहणीतून पुढे आली.

त्याच वर्षी देशावर आणीबाणी होती, हेही विसरता कामा नये. खेड्याला ज्ञान देणारा पडदा आणि वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप एकाच सरकारच्या हाती होती. म्हणून १९७७ च्या सत्तांतरानंतर बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७८ साली आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या स्वायत्ततेची शिफारस केली. कायदा १९९० साली झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. तोवर खाजगी वाहिन्यांनी घराघरांत ठाण मांडले होते.

पडद्याचा संदेश पाठवणाऱ्याच्या मनाप्रमाणेच पोहोचतो, ही समजूतही संशोधनाने मोडीत काढली. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोतील प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर तिची आखणी होती. अन्याय मुकाट सोसणारी आई, भागवंती, हे पात्र ‘असे होऊ नका’ हे सांगण्यासाठी योजले होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात असे दिसले की कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. ज्या समाजात सोशिकपणाची पूजा होते, तो समाज पडद्यावरही तीच मूर्ती शोधतो.

आता एक अडचणीचा निष्कर्ष. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारचा गोवा येथील ग्रामीण कुटुंबांची त्यासाठी २००१ ते २००३ या काळात पाहणी झाली होती. गावात केबल आल्यावर पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला, असे त्यात दिसले. या वाहिन्या प्रबोधनासाठी निघालेल्या नव्हत्या. जाहिरातदारांसाठी निघाल्या होत्या. ‘सासूसुनांच्या मालिका’ म्हणून जिची हेटाळणी होते, त्या करमणुकीतूनही खेड्यातल्या स्त्रीने आपल्यापुरते काही वेचून घेतले. तिच्या आवडीला हसणाऱ्या कार्यकर्त्याने हा निष्कर्ष पुन्हा वाचावा. तथापि त्यावरून बाजाराला प्रबोधनकाराची पगडी बांधण्याचेही कारण नाही. नफ्याच्या वाटेवर स्त्रीला जे मिळाले ते अनुषंगाने मिळाले. ते अनुषंगाने काढूनही घेतले जाऊ शकते.

मूळ प्रश्न येथे उभा राहतो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. मालमत्ता जनतेची, मग तिचा जनतेवर काय परिणाम होतो याचा हिशेब कोण ठेवतो? पुण्याच्या श्रोतृमंडळांचा आणि ‘साइट’चा अभ्यास सार्वजनिक पैशातून झाला, आणि त्यात ‘लोकांना काय कळले, त्यांनी काय केले’ असे विचारले गेले. आज दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचे नित्य मोजमाप वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांच्याच मालकीच्या ‘बार्क’ या संस्थेकडे आहे. कोणती वाहिनी किती वेळ लागली, हे तिचे यंत्र सांगते. कळले काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर कोणी काय पाहिले याची नोंद परदेशी कंपन्यांच्या तिजोरीत जमा होते, आणि पाहणारा एकटा असतो. सामुदायिक संच गेला, चावडीवरची चर्चा गेली. चर्चेने फरक पडतो हे ज्ञान मात्र राजकीय प्रचाराच्या यंत्रणांनी अचूक उचलले. विश्वासातल्या माणसाची जागा त्यांनी व्हॉट्सॲपच्या गटाला दिली.

म्हणून कार्यकर्त्यापुढील काम पडद्याला शिव्या देण्याचे नाही. दोन कामे आहेत. पहिले, प्रेक्षक-मोजणीची माहिती सार्वजनिक व्हावी आणि सार्वजनिक प्रसारणाच्या सामाजिक परिणामांची स्वतंत्र पाहणी नियमाने व्हावी, अशी मागणी सातत्याने लावून धरणे. दुसरे अधिक साधे आणि अधिक कष्टाचे आहे. वस्तीत, युनियनच्या कार्यालयात, महिला मंडळात आठवड्यातून एकदा एकत्र बसून एखादा चित्रपट, एखादी बातमी किंवा फिरत आलेली एखादी चित्रफीत पाहावी आणि तीवर बोलावे. हे कोणी केले, कोणासाठी केले, यातले खरे काय, आपल्या अनुभवाशी ते कोठे जुळते, असे प्रश्न विचारावेत. शिकवणारा कोणी नको. चर्चा चालू ठेवणारा एक पुरे.

१९५६ साली मराठी खेड्यांतील शेतकऱ्यांनी हे दहा आठवड्यांत करून दाखवले. त्यांच्यापाशी एक रेडिओ होता आणि बसायला एक जागा होती. आजच्या वस्तीत पडदे घरोघरी आहेत. उणीव आहे ती एकत्र बसण्याची, आणि ती भरून काढणे संघटनेच्या हातात आहे.