पावती आणि सातबारा

(मुंबईंतील एका गांवकरी मंडळाच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



या सभेंत निम्मी मंडळी चाळींत राहणारी आहे व निम्मी गांवाकडून आलेली आहे. म्हणून दोघांच्याही कामाचा विषय आम्हीं आज घेतला आहे. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा जो मुंबईच्या पोटांतला भाग, त्यांत राहण्याची किंमत काय पडते व त्यापासून पदरांत काय पडतें, याचा हिशेब आम्हांस मांडावयाचा आहे.

गांवाकडील भाऊ म्हणतो, "त्या दहा बाय बाराच्या खोलींत काय पुरून ठेवलें आहे? विकून टाका, गांवीं चिरेबंदी घर बांधूं." चाळींतली वहिनी म्हणते, "भावोजी, खोली गेली तर पोरांनीं कोठें जावें?" या दोन वाक्यांवरून सख्ख्या भावांतलें बोलणें बंद झालेलीं घरें आपल्यांत आहेत. एकाचें नांव चाळीच्या भाडेपावतीवर, दुसऱ्याचें सातबाऱ्यावर. दोघांनाही वाटतें कीं आपण फसलों. खरें काय तें पाहूं.

प्रथम हा भाग कोणीं वसविला तें ऐका. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली, व १८५६ सालीं ताडदेवास ती गिरणी सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, तसा माणसांचा लोंढा आला. तो कोणाचा? रत्नागिरीच्या खोतांनीं पिळलेल्या कुळांचा, साताऱ्याच्या व घाटावरच्या कर्जांत बुडालेल्या कुणब्यांचा, ज्यांच्या मागाला गिरणीच्या कापडानें मारलें त्या कोष्ट्या-साळ्यांचा, आणि गांवकुसाबाहेर ठेवलेल्या महार-चांभार बांधवांचा. भोंगा झाल्यावर उशीर झाला तर रोज बुडे. म्हणून गिरणीच्या दारापासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर राहणें भाग होतें. आज जेथें जमिनीला सोन्याचा भाव आहे, तेथें आपले लोक हौसेनें राहावयास आले नव्हते. कामानें त्यांना तेथें बांधून ठेविलें होतें.

त्या काळीं आठवड्याची सुटीही नव्हती. जोतीराव फुल्यांचे अनुयायी व 'दीनबंधु'चे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. १८९६ सालीं प्लेग आला. लोखंडे रोग्यांच्या सेवेंत राहिले व १८९७ च्या फेब्रुवारींत त्याच रोगानें गेले. या वस्तीच्या पायांत असे प्राण गेलेले आहेत.

आतां राहणें कसें होतें तें सांगतों. त्याला साखर लावणार नाहीं. १९२० नंतर सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें दोनशेंहून अधिक बी. डी. डी. चाळी बांधल्या. एकेक खोली सुमारें १६० चौरस फूट, संडास सामाईक. खासगी मालकांच्या चाळी याहूनही कोंदट. एका खोलींत दहा-पंधरा बाप्ये पाळीप्रमाणें झोपत. दिवसपाळीचा उठला कीं रातपाळीचा त्याच जागीं आडवा होई. बाईनें पहांटे चार वाजतां नळावर हंडा लावावा, रांगेंत उभें राहावें, मग चूल पेटवावी. पुष्कळ बायांनीं खाणावळी चालविल्या. स्वतःची भाकर शेवटीं खाऊन त्यांनीं वीस-वीस माणसांस जेवूं घातलें, आणि त्यांना पैसा हवा झाला तर सावकाराचें व्याज जबर. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां कोठें त्यांची सुटका होऊं लागली.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. भटशाहीस नांवें ठेवणाऱ्या आमच्याच लोकांनीं गिरणींत शिवाशिव पाळली. कांडीचा धागा तोंडानें ओढावा लागे, म्हणून विणखात्यांत अस्पृश्य बांधवांस शिरूं देत नसत, आणि पगार तर त्याच खात्यांत अधिक. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हें गाऱ्हाणें पुढाऱ्यांपुढें ठणकावून मांडलें. सोवळें पाळणारा भट असो वा मराठा, पाप एकच.

इतका त्रास, तरी माणसें तेथें कां राहिलीं? यांतच विषयाचें मर्म आहे. शहराच्या मध्यावर खोली म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. खोलीपासून काय काय पायीं गांठतां येतें, ती तिची खरी किंमत. मूल फणफणलें तर १९२६ पासून चालू असलेलें परळचें के. ई. एम. रुग्णालय जवळ. दिवसां राबणाऱ्या पोराला रात्रशाळा जवळ. वाचनालय, तालीम, भजनी मंडळ, कामगारांची सभा, सारें हाकेच्या अंतरावर. चार घरचीं भांडीं घासणारी किंवा पाटी घेऊन बसणारी बाई दुपारीं घरीं येऊन लेकरांस वाढूं शकते, कारण तिचें काम जवळ आहे. शिंप्याचें, चांभाराचें, सुताराचें गिऱ्हाईक चार पावलांवर असतें व त्याला नांवानें ओळखतें. उधारी बुडत नाहीं. गांवाहून रोगी आला, परीक्षेला पोरगा आला, तर पहिला मुक्काम याच खोलींत.

तोच माणूस बदलापुरास किंवा विरारला राहावयास गेला म्हणजे काय होतें? घर मोठें मिळतें, हें खरें. पण काम मुंबईंतच राहिलें तर जाण्यायेण्यांत दिवसाचे तीन-चार तास गाडींत लोंबकळत जातात. पुरुष ते सोसतो. बाईला तें काम बहुधा सोडावेंच लागतें, आणि एक मिळकत बंद होते. कारागिराचें जुनें गिऱ्हाईक तुटतें. म्हणून खोली विकतांना भिंतींचा भाव करून चालणार नाहीं; वाचणारे तास, बाईची मिळकत व पोरांची शाळा यांचाही भाव त्यांत धरला पाहिजे. दलाल हा भाव कधीं सांगत नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप केला. मालक बधले नाहींत, सरकार हललें नाहीं, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हां धडपणें चालल्याच नाहींत. त्या वेळीं कोणीं तगविलें? गांवाहून आलेल्या तांदळाच्या व नाचणीच्या गोणीनें. चाळींतल्या मंडळींनो, हें विसरूं नका. आणि गांवकऱ्यांनो, त्याआधीं दोन-तीन पिढ्या तुमचा शेतसारा, बी-बियाणें, बहिणीचें लग्न कोणाच्या मनिऑर्डरीनें झालें, तें तुम्हीही विसरूं नका. पावतीनें सातबारा राखला आणि सातबाऱ्यानें पावती राखली.

पुढें १९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट झाली. तींत एक हिस्सा नगरपालिकेस मोकळ्या जागेकरितां व एक हिस्सा स्वस्त घरांकरितां द्यावा असें ठरलें. २००१ सालीं नियम फिरविला व हे हिस्से फक्त रिकाम्या जमिनींतूनच काढावे असें केलें, म्हणजे लोकांच्या वांट्यास थोडेंच उरलें. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. लोअर परळास फिनिक्स गिरणी होती, तेथें आतां मोठा बाजारवाडा आहे. ज्या धुराड्याखालीं आपल्या आजोबांचीं फुप्फुसें कापसानें भरलीं, त्याच जागेचें मोल आज आपणांस तेथून उठवावयास निघालें आहे.

सर्वच वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० च्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, आणि तीं त्याच ठिकाणीं मिळालीं. पण उंच इमारतींत उद्वाहक, पंप, पहारा यांचा महिन्याचा खर्च असतो. घर मिळालें आणि खर्च पेलवला नाहीं, तर दोन-चार वर्षांत दलाल पुन्हां दारांत उभा.

तेव्हां आमच्या चार सूचना मनावर घ्या.

पहिली : न वाचतां सही करूं नका. पूर्वीं सावकार व कुळकर्णी कोऱ्या कागदावर आंगठा घेत. आज करार इंग्रजींत असतो, एवढाच फरक. तो मराठींत मागा, चाळीच्या सभेंत मोठ्यानें वाचवून घ्या, सहीची प्रत घरीं ठेवा.

दुसरी : नव्या घराच्या कागदावर बाईचें नांव घाला. चाळ तिनें चालविली, मग कागदावर ती परकी कां?

तिसरी : गांवच्या भावांनो, वांटणीचा हट्ट धरण्यापूर्वीं कायदा समजून घ्या. खासगी मालकाच्या जुन्या भाड्याच्या खोलींत, भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर तेथें राहणाऱ्या कुटुंबियाचा हक्क १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आधीं धरतो. विधवा भावजयीस उठवून खोलीचे तुकडे करूं पाहणें न्यायाचें नाहीं. तशीच चाळींतल्यांनीं गांवच्या जमिनीची गुपचूप विक्री करूं नये. दोघांनीं एकत्र बसून हिशेब कागदावर लिहावा.

चौथी : नव्या इमारतींत जुनी शिवाशिव नेऊं नका. जात किंवा धर्म पाहून कोणास घर नाकारणारी मंडळी आज शहरांत थोडी नाहीं. आपण तरी त्यांच्या पंक्तीस बसूं नये.

खोली विकावी कीं ठेवावी, हें ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे. दुखणें, कर्ज, म्हातारपण यांपुढें कोणाचा इलाज नाहीं. पण विकणें झालेंच तर तें डोळे उघडे ठेवून, घरांतल्या बाईला विचारून व गांवच्या भावाला सांगून व्हावें. आमच्या वाडवडिलांनीं घामानें मिळविलेली शहराच्या मध्यावरची जागा आम्हीं अज्ञानानें गमावली, असें आमच्या नातवंडांनीं म्हणूं नये, एवढीच आमची विनंती आहे.