एका तबकडीच्या दोन बाजू



26 फेब्रुवारी 1917 रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने न्यू ऑर्लीन्सच्या पाच गोऱ्या वादकांकडून दोन चाली वाजवून घेतल्या. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’. बाजारात आलेली जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून हिचाच मान आहे. तिच्या एका बाजूला आहे ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’. वाजवता वाजवता बाकीची वाद्ये क्षणभर गप्प होतात आणि क्लॅरिनेट कोंबड्यासारखे आरवते, मग कॉर्नेट घोड्यासारखे खिंकाळते, ट्रॉम्बोन गायीसारखा हंबरतो. लोकांना याचे वेड लागले, तबकडी हातोहात खपली. पैसा दिसू लागला तशी ‘ही चाल माझी’ म्हणणारीही माणसे पुढे आली.

त्याला वाव मिळाला तो नावाच्या घोळामुळे. वाद्यवृंदाचे व्यवस्थापक मॅक्स हार्ट यांनी चालीची नोंदणी ‘बार्नयार्ड ब्लूज’ या नावाने केली, आणि तबकडीच्या लेबलवर छापले गेले ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’. लोकांच्या तोंडी बसलेले नाव नोंदणीत नव्हतेच. शिकागोचे प्रकाशक रॉजर ग्रॅहम यांनी त्याच नावाने स्वरलिपी छापली आणि रचनाकार म्हणून अल्साइड नुनेझ आणि रे लोपेझ यांची नावे घातली. यातले नुनेझ काही परके नव्हते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते याच वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत होते. दुसऱ्या बाजूला कॉर्नेटवादक निक लारोका ठामपणे सांगत होते की चाल आपली.

प्रकरण शिकागोच्या संघीय न्यायालयात गेले. ना लारोकांना स्वरलिपी वाचता येत होती, ना नुनेझना. मग पुरावा कसला द्यायचा? सगळे ब्लूज एकसारखेच असतात, अशीही साक्ष झाली. ऑक्टोबर 1917 मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज कार्पेंटर यांनी दावा फेटाळला. चाल यांचीही नाही आणि त्यांचीही नाही. संगीताचे शिक्षण नसलेल्या वादकांनी प्रचारात असलेली धून उचलून सजवली, असे त्यांनी ठरवले.

निकाल मला पटतो, त्यामागची नजर मात्र पटत नाही. नोटेशन येत नाही म्हणजे रचना करता येत नाही, हे कोणी ठरवले? न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांत आणि नाचघरांत कृष्णवर्णीय, क्रिओल आणि गोरे वादक एकमेकांचे ऐकत होते, उचलत होते, त्यात भर घालत होते. तिथे एकेक धून अनेकांच्या कानांतून आणि हातांतून घडत गेली. लारोका पुढे आयुष्यभर जॅझ ही गोऱ्यांचीच निर्मिती असल्याचे सांगत राहिले. हा दावा मला अन्यायाचा वाटतो, कारण ज्यांच्याकडून हे संगीत आले त्यांनाच तो पुसून टाकतो.

आता तबकडी उलटू या. या बाजूला आहे ‘डिक्सी जॅस बँड वन-स्टेप’. तिच्यातला एक भाग सरळ ‘दॅट टीझिन रॅग’मधून आलेला आहे. ही 1909 ची रचना जो जॉर्डन यांची. जॉर्डन कृष्णवर्णीय, शिकागोच्या पेकिन थिएटरचे संगीत सांभाळलेले, लिहिण्यावाचण्यात पक्के. त्यांची रचना आठ वर्षे आधीच छापून बाजारात आली होती. इथे साक्षीदारांची गरज नव्हती. छापील पान काढून दाखवले की झाले. व्हिक्टरला लेबल बदलावे लागले. चालीच्या नावाखाली ‘दॅट टीझिन रॅग’चा उल्लेख आला आणि जॉर्डन यांचे नावही आले.

तबकडीचा क्रमांक मात्र तोच राहिला, 18255. जुन्या बाजारात ती कधी हाती लागली, तर आधी हीच बाजू पाहा. लेबलवर जॉर्डन यांचे नाव असेल, तर ती नंतर काढलेली प्रत आहे.