ब्रेकचें मऊ पेडल

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. परंतु गोंदियासारख्या गांवीं एखादा हौशी गृहस्थ आपली जुनी पद्मिनी अजून जपून ठेवतो, तिचे ड्रम व लायनर नवे बसवतो, आणि पहिल्याच फेरींत ब्रेकचें पेडल स्पंजासारखें दबतें. देवरीच्या वाटेवर अचानक गुरें आडवीं आल्यास काय होईल, हें श्रोत्यांस सांगावयास नको.

मिस्त्री प्रथम नळ्यांतील हवा काढूं लागतो. तें योग्यच, तेल दबत नाहीं, हवा दबते, आणि पायाचा जोर तिच्यांतच जिरतो. मात्र तीनदां हवा काढूनही पेडल मऊच राहिलें, तर तेलाचे डबे रिते करण्यांत अर्थ नाहीं. मग शू ड्रमला घट्ट टेकेपर्यंत चारही चाकांचे ॲडजस्टर फिरवावे व पेडल दाबून पाहावें. तें कठीण लागलें, तर तेलाची बाजू बहुधा निर्दोष होय. दोष शूचा! एक तर त्यांत व ड्रमांत अंतर फार राहिलें, किंवा दोहोंची गोलाई जुळली नाहीं. मग शू टोकांवरच टेकतो व दाबाखालीं वांकतो. लायनरला खडू फासून ड्रम फिरवावा. खडू कोठें पुसला तें पाहून तेवढाच भाग घासावा. ती धूळ मात्र फुंकूं नये. जुन्या मालांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो.

पेडल तरीही मऊच लागलें, तर रबरी नळ्या दाबाखालीं फुगतात काय, हें पाहावें. परीक्षेनंतर चाक मोकळें फिरेपर्यंत ॲडजस्टर सैल करावे, नाहींतर ड्रम तापतात.