आमच्या परसातला गवती चहा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा पुस्तकातले काही सांगणार नाही, आमच्या परसातल्या गवती चहाचे तेवढे सांगते.

ते बेट माझ्या सासूबाईंचे. लग्न झाल्यावर माहेराहून, रत्नागिरीकडून, त्यांनी एक फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. त्या गेल्या आणि बेट माझ्या हाती आले. त्याच सुमारास शेजारच्या वहिनींशी माझे बिनसले. आमच्या मोरीचे पाणी त्यांच्या भिंतीला लागते, एवढेच कारण. रागाच्या भरात मी ते सगळे पाणी गवती चहाच्या मुळाशी वळवले. त्याला पाणी हवे असते खरे, पण तुंबलेले सोसत नाही. पुढच्याच श्रावणात पाती पिवळी पडली. बुंधा ओढला तो हातातच आला. खाली सगळे कुजलेले!

आपल्याकडे याला बी धरत नाही, फुटव्यावरच ते पुढे चालते. आणि सासूबाईंनी फुटवा दिला होता तो वहिनींनाच. (त्या समोरच बसल्या आहेत, म्हणून खोटे बोलता येत नाही.) आठ दिवस जीव खालीवर झाला. शेवटी शुक्रवारच्या हळदीकुंकवाचे निमित्त काढून गेले. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. कुदळ आणली, अर्धे बेट फोडून दिले आणि म्हणाल्या, "पाती घेऊन आत या, चहा टाकते."

आता फुटवे उंचवट्यावर, दोन-दोन फुटांवर लावले आहेत. लावताना पाती वीतभर ठेवून छाटावी, म्हणजे रोप सुकत नाही. ऊन भरपूर हवे. सावलीत पाती लांब होते पण वास कमी. हाताने ओढू नका, कडेने बोट कापते. विळ्याने जमिनीच्या वर चार बोटे ठेवून कापा. दोन-तीन वर्षांनी बेट फोडावे. परस नसेल त्यांनी बुडाला भोके पाडलेल्या डब्यात लावावा. फार थंडीच्या गावी पाती करपते, तिथे बुंध्याशी पालापाचोळा घालावा. चहात टाकताना पातीची गाठ मारा आणि भांड्यावर झाकण ठेवा, नाहीतर वास वाफेबरोबर जातो.

मोरीचे पाणी आता केळीला सोडले आहे. फुटवे हवे असतील त्यांनी मृगाचा पाऊस पडला की फडके घेऊन यावे. माझे संपले तर वहिनींकडे आहेत.