विजयदुर्ग आणि हेलियम

विजयदुर्ग किल्ला सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तरेला आहे. तिथले ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे चौथरे दाखवून, हेलियमचा शोध इथेच लागला, असं हौसेनं सांगतात. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यप्रकाशाचा वर्णपट तपासणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते आंध्रातल्या गुंटूरला! इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. तिथूनच त्यांनी ऑक्टोबरात सूर्याच्या वर्णपटातली, तेव्हा अनोळखी असलेली हेलियमची पिवळी रेषा टिपली. विजयदुर्गी ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेचे अधिकारी-खलाशी मदतीला होते. हा खरा इतिहास काय कमी रंजक आहे? त्या ग्रहणाच्या आधीच, १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झींना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. आज अग्निबाणाच्या टाक्यांतलं द्रव इंधन दाबानं इंजिनाकडे ढकलायला हाच वायू वापरतात.