हट्टी लेकरू आणि नाथांची पंगत

मागच्या एकादशीला कीर्तन आटोपलं आणि एक माउली तीन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन आली. म्हणाली, "महाराज, याला मागितलेलं तत्क्षणी पाहिजे. नाही मिळालं तर डोकं आपटतो. घरात सगळे म्हणतात, हा काकावर गेलाय." काका दारूपायी गेलेला. बोलताना बाईचा आवाज थरथरत होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरात काय दिसतं? दिसतं, बरं का! न्यूझीलंडात डुनेडिन नावाचं शहर आहे. तिथं 1972-73 साली जन्मलेली हजारावर मुलं विद्वानांनी तिसऱ्या वर्षापासून पाहिली, पार मोठी होईतो पाहिली. लहानपणी ज्यांना धीर धरवत नव्हता, त्यांतली जास्त मुलं पंधरा वर्षांची होईतो सिगारेटला लागली, पुढं नशेत अडकली. भीती खोटी नाही. पण जास्त म्हणजे सगळी नव्हेत! आणि मधल्या वर्षांत ज्यांचा संयम वाढला, त्यांचं पुढं बरं झालं, हेही त्याच विद्वानांनी लिहून ठेवलंय.

आता पैठणला चला. गावबा नावाचं पोर होतं, असं सांगतात. पुरणपोळीसाठी वेडं, रोज पाहिजे. गरीब विधवा आई रोज कुठून आणणार डाळ-गूळ? तिनं त्याला नाथांच्या दारी आणलं. नाथांनी 'वाया गेलेलं' म्हणून हाकललं नाही, पंक्तीला बसवलं. मंत्र सांगू लागले तर ते म्हणे, मला 'एकनाथ' एवढंच येतं! नाथांना तेही चाललं. पुढं नाथ गेले, भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं. ते याच गावबानं पुरं केलं, असं परंपरा सांगते.

मग काय, मागेल ते द्यायचं? नाही हो. नाथांघरची पंगत म्हणजे आधी नैवेद्य, मग ताट. पोळी मिळणार हे पक्कं, पण वेळ देवाची.

आणि आपल्या घरी? पोर रडलं की हातात मोबाइल. आजोबा, रागावू नका, पण तुम्ही चंची सोडून तंबाखू मळता तेव्हा नातू मांडीवर असतो. पुडी आणायला टपरीवर धाडता तोही तोच. 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, असा 2003 चा कायदा आहे. इथं तर घरचेच हातात पैसे देतात!

त्या माउलीला मी म्हटलं, बाई, 'काकावर गेलाय' हे तेवढं घरात बोलू देऊ नको, पोराला ऐकू येतं. सांजेला दिवा लावलास की त्याच्या मुठीत खडीसाखर दे. आरती झाल्यावर खायची म्हणून सांग. आधीच खाईल, खाऊ दे. उद्या पुन्हा दे.

काल ती परत आली होती. म्हणाली, "महाराज, अर्धी आरती होईतो मूठ मिटलेली होती."